भाव उतरायच्या आधी

ऑक्टोबर अर्धा सरला की डार्विनमधली माणसं कमी बोलायला लागतात. बोलली तरी तुटक बोलतात. दुपारी दोनच्या सुमारास समुद्राच्या बाजूने ढग चढू लागतात, काळेनिळे, जड. वीज चमकते, गडगडतं, झाडं एकदम गप्प होतात. आता येणार असं वाटत असताना सगळं तसंच विरून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इथे या दिवसांना ‘बिल्ड-अप’ म्हणतात. कोरडे, सुखाचे महिने संपलेले असतात आणि पाऊस लागायला अजून अवकाश असतो. मधल्या या दीड-दोन महिन्यांत हवा अंगाला चिकटून बसते आणि काही केल्या सुटत नाही.

कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. धुतलेले कपडे वाळतात, पण त्यांचा ओलसर वास जात नाही. शेजारच्या आंब्यावर वटवाघळांची झुंबड उडते आणि सकाळी आमच्या अंगणात अर्धवट खाल्लेल्या आंब्यांचा सडा पडलेला असतो. त्याचा तो आंबूस, गोडसर वास दिवसभर घरात फिरत राहतो. मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिथे शेजारच्या बेंचवर ट्रेसी असते, सगळा जन्म डार्विनमध्येच काढलेली. परवा मी एका साध्या फॉर्मवरून कुणावर तरी खेकसले. ती मशीनमधून मान वर न काढता म्हणाली, “बिल्ड-अप आहे, लव्ह. सगळ्यांचीच डोकी फिरतात.”

माझं डोकं फिरायला मात्र आणखी एक कारण असतं. ते मी ट्रेसीला सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी घरी आले तर निखिल सोफ्यावर फोनमध्ये डोकं घालून बसला होता. निखिल माझा नवरा. कपाळावर आठी, अंगठा स्क्रीनवर वरखाली. मी दारातच थांबले. पर्स खांद्यावरून काढायचं सुचलं नाही. त्याने वर पाहिलं, माझा चेहरा बघितला आणि फोन माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर पावसाचं रडार होतं. डार्विनसमोरच्या टिवी बेटांच्या वर हिरवे-पिवळे ठिपके.

“येईल असं वाटतंय,” तो म्हणाला.

“नाही येणार,” मी म्हणाले, आणि आत जाऊन थंड पाण्याखाली उभी राहिले. पण या दिवसांत नळाचं पाणीसुद्धा कोमट येतं.

काही वर्षांपूर्वी गॅस प्रोजेक्टवरचं निखिलचं आयटीचं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपलं. माझी नोकरी कायमची होती, म्हणून आम्ही इथेच राहिलो. दुसरं काम मिळेपर्यंत म्हणून तो टेबलाशी बसायला लागला. क्रिकेटच्या आकड्यांचा त्याला पुण्यात कॉलेजात असल्यापासून नाद होता. घरात बसून त्याने एक मॉडेल तयार केलं आणि इथे कायदेशीर असलेल्या बेटिंग कंपन्यांकडे मॅचवर पैसे लावायला सुरुवात केली. मला ते कळलं तेव्हा एक जुना शब्द आठवला. ठाण्याला आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ होते. त्यांच्याबद्दल बोलताना मोठी माणसं ‘सट्टा’ हा शब्द आवाज खाली आणून उच्चारायची. मग एक दिवस त्यांच्या घराला कुलूप दिसलं. माझ्या लेखी त्या शब्दाचा अर्थ तेवढाच होता, एक कुलूप.

मला वाटलं होतं आता आरडाओरडा होईल, टीव्हीसमोर नखं खाणं होईल. तसं काहीच झालं नाही. ड्राय सीझनच्या त्या गार सकाळी निखिल आठ वाजता आंघोळ करून लूव्हर्सच्या खिडकीपाशी बसायचा. झडपांतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या टेबलावर पडायच्या. तो एखाद्या ऑडिटरसारखा तास-दोन तास आकडे तपासायचा. कोण जिंकणार हे तो शोधतच नसे. कंपनीने लावलेला भाव कुठे चुकला आहे, एवढंच शोधायचा. बायकांच्या टी-ट्वेंटी सामन्यांकडे कंपन्यांचं लक्ष जरा कमी असतं, म्हणून तो त्यांच्यामागे असायचा. बहुतेक दिवशी “आज काही नाही” म्हणून उठायचा आणि भांडी घासायला घ्यायचा. लावलंच तर थोडं, ठरलेलं, आणि नंतर मॅच बघायचाही नाही.

“बघत नाहीस?” मी एकदा विचारलं.

“बघून काय होणार? लावून झालंय.”

जूनमध्ये दोन आठवडे ओळीने हरला. जेवताना गप्प असायचा, पण सकाळी तेवढंच लावायचा, ना जास्त ना कमी. पुढच्या महिन्यात ते भरून निघालं. घरखर्चातला त्याचा वाटा तो देत होता. तरी मला चैन नव्हती. ठाण्याहून आई विचारायची, “जावईबापूंचं काय चाललंय सध्या?” मी सांगायची, “ऑनलाइन काम आहे.” ती विचारायची, “कसलं?” मग मी म्हणायची, “आई, आवाज तुटतोय.”

सप्टेंबरमध्ये एकेका कंपनीची ईमेल यायला लागली. खातं चालू राहील, पण तुम्हाला एवढीच रक्कम लावता येईल. एवढीच म्हणजे एका कॉफीची. जो सतत जिंकतो त्याला या कंपन्या अशाच हळूच दाराबाहेर काढतात, आणि ते नियमात बसतं. शेवटची ईमेल आली तेव्हा निखिल हसला. म्हणाला, “हरणाऱ्यालाच माल विकणारं दुकान आहे हे.” मग त्याने लॅपटॉप मिटला. त्याच दुपारी आकाशात पहिल्यांदा ढग चढलेले मला आठवतात.

आणि मग मी बोलले. नाइटक्लिफच्या समुद्राकाठी गाडी लावून आम्ही आत एसीत बसलो होतो. बाहेर पाणी शिशासारखं स्थिर होतं.

“तुला लावू देत नाहीत, पण तुला कळतं ना?” मी म्हणाले. “मग जे कळतं ते विक. रोज सकाळी टिप द्यायची. लोक महिन्याची फी देतील.”

“ते वेगळं काम आहे, मधुरा.”

“वेगळं म्हणजे काय?”

“लावणाऱ्याला बरोबर असावं लागतं. विकणाऱ्याला बरोबर दिसावं लागतं.”

“तुझा रेकॉर्ड खरा आहे. त्यात दिसायचा प्रश्न कुठे येतो?”

 मला खरं म्हणजे टिपांशी देणंघेणं नव्हतं. मला आईला सांगता येईल असा एक शब्द हवा होता. विकणं म्हणजे धंदा. धंद्याला नाव असतं, रजिस्ट्रेशन असतं, लोगो असतो. लोगो मीच केला. टिपा ज्या मेसेज-चॅनलवर जायच्या त्यावरचं इंग्रजी मीच लिहिलं. निखिलने हट्टाने एकच अट घातली, की जिंकलेलं-हरलेलं सगळं चॅनलवरच्या टेबलात दिसलं पाहिजे, लपवाछपवी नको. मला ती अट फार आवडली. आपण प्रामाणिक माणसं आहोत, असं वाटलं.

महिनाभरात शंभरेक माणसं आली. पर्थचा ट्रकवाला, सिडनीत हॅरिस पार्कला राहणारे पंजाबी आणि तेलुगू पोरगे, कुठल्या कुठल्या गावचे ऑस्ट्रेलियन. ज्या दिवशी “आज काही नाही” असं लिहावं, त्या दिवशी चारजण सोडून जायचे. पैसे कशाचे घेतोस, असं विचारायचे. तिसऱ्या वेळी असं झालं तेव्हा मी चहा ढवळत म्हणाले, “काहीतरी दे ना. अगदी वाईट नाही असं.” आणि निखिल काहीतरी द्यायला लागला.

तेव्हापासून त्याचं बसणं बदललं. खिडकीपाशी पाठ ताठ ठेवून बसणारा माणूस आता फोन हातात घेऊन घरभर फिरायचा. मॅच बघायचा, प्रत्येक चेंडू. आपले पैसे नसलेली मॅच तो अशा चेहऱ्याने बघायचा की मला स्वयंपाकघरातून बाहेर यावंसं वाटत नसे. एकदा भिंतीवरची पाल चुकचुकली म्हणून त्याने तिच्यावर चप्पल फेकली. बाहेर ढग गडगडत होते. आम्हा दोघांच्या अंगावर सतत घाम असायचा आणि दोघंही एकमेकांना विचारायचो, “एसी लावलाय ना?”

त्यातच दिवाळी आली. कॅज्युअरिनाजवळच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळी जमली होती. पंखे फिरत होते, पण वारा लागत नव्हता. जरीच्या साड्यांतल्या बायका कागदी प्लेटने वारा घेत होत्या. कुणीतरी विचारलं, निखिल काय करतो हल्ली. आणि मी, पहिल्यांदाच, आवाज खाली न आणता म्हणाले, “स्पोर्ट्स ॲनालिटिक्स. त्याची स्वतःची सर्व्हिस आहे.”

शेजारी गौरव उभा होता, शंकरपाळ्यांची वाटी घेऊन. कराडचा मुलगा. ॲडलेडला मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत शिकला, मग पीआरसाठी, म्हणजे देशात कायम राहायच्या परवान्यासाठी, डार्विनला आला आणि पीआर झाल्यावरही इथेच राहिला. बंदराजवळच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. वर्षभर तो जवळजवळ दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. निखिलला दादा म्हणायचा आणि मला वहिनी.

“म्हणजे टिप्स का, वहिनी?” त्याने विचारलं.

“टिप्स म्हणजे अगदी तसं नाही. डेटावर असतं सगळं.”

“मला पाठवा की लिंक. घरच्या माणसाला डिस्काउंट द्यायचा बरं का.”

मी तिथेच, तेलकट बोट साडीला पुसून, त्याला लिंक पाठवली.

पुढच्या दोन-तीन रविवारी गौरव खुशीत होता. आमटी-भात आणि तळलेला बारामुंडी मासा खाता खाता सांगायचा, “दादा, काल लागलं.” पुढच्या जूनमध्ये, ड्राय सीझनला, त्याची आई येणार होती. ती कधी विमानात बसली नव्हती. तिला दाखवायच्या गोष्टींची यादी त्याच्या फोनमध्ये होती आणि यादीत सगळ्यात वर मगर होती. “आई मगरीला काय म्हणेल ते बघायचंय मला,” तो म्हणायचा. तिच्या येण्यासाठी तो दोन वर्षं पैसे बाजूला ठेवत होता.

मग एका रविवारी तो जरा चाचरत म्हणाला, “दादा, एक विचारू? तुझ्या टेबलात हा महिना प्लसमध्ये दिसतोय. मी तुझ्या सगळ्या टिपा लावल्या, एकही सोडली नाही. मग मी मायनसमध्ये कसा?”

निखिलचा हात ताटावर थांबला. “तू लावतोस कधी?”

“स्मोकोला. दहाचा टी-ब्रेक असतो ना, तेव्हाच फोन बघता येतो. कधी कधी मग थेट लंचला.”

“हं,” निखिल म्हणाला, आणि विषय बदलला.

गौरव गेल्यावर मी भांडी उचलत विचारलं, काय झालं. निखिल खुर्चीवरून हलला नव्हता.

“सकाळी आठला मी लिहितो, अमुक टीमवर लावा, भाव दोन-वीस. म्हणजे शंभर लावून जिंकलास तर दोनशे वीस हातात येतात. पाच मिनिटांत माझीच माणसं त्यावर तुटून पडतात. कंपनी भाव उतरवते. दहा वाजेपर्यंत तो एक-ऐंशी झालेला असतो.”

“मग? जिंकायची ती जिंकतेच ना?”

“अशा दहा मॅचपैकी साधारण पाच लागतात. दोन-वीसला लावलं तर शेवटी थोडं उरतं. एक-ऐंशीला लावलं तर शेवटी थोडं जातं. टिप तीच, मॅच तीच. गौरव रोज भाव उतरल्यावर येतो.”

“आणि टेबलात?”

“टेबलात दोन-वीस लिहिलेलं असतं.”

“मिळतो कुणाला तो?”

“फोनवर टपून बसलेल्या दहा-बारा जणांना.”

माझ्या हातात आमटीचं पातेलं होतं. ते मी पुन्हा टेबलावर ठेवलं. लॅबमध्ये आम्ही सकाळी आधी कंट्रोल सॅम्पल चालवतो, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असं. त्याचं उत्तर बरोबर आलं नाही तर त्या मशीनवरून एकाही पेशंटचा रिपोर्ट बाहेर जात नाही, मग कितीही फोन येवोत. हे मी रोज करते. घरी मात्र चुकीचा रिपोर्ट रोज सकाळी आठ वाजता बाहेर जात होता आणि त्यावरचं इंग्रजी माझं होतं.

“त्याला सांग,” मी म्हणाले.

“सांगतो.”

तीन आठवडे गेले. निखिल मेसेज लिहायला घ्यायचा आणि खोडायचा. एकट्या गौरवला सांगायचं तर सगळ्यांनाच सांगावं लागणार, आणि सगळ्यांना सांगितलं की सगळं बंद होणार. मी रोज लॅबमधून येताना ठरवायची की आज विचारायचं. घरी आलं की दमट हवेत डोकं जड व्हायचं आणि मी विचारायची नाही. खरं कारण हवा नव्हतंच. आईने तोवर बिल्डिंगमध्ये सांगून टाकलं होतं. जावयाची स्वतःची कंपनी आहे म्हणून. तिच्या आवाजात आलेला तो हलकेपणा मला पुन्हा काढून घ्यायचा नव्हता. त्या तीन आठवड्यांपैकी शेवटच्या दोन रविवारी गौरव जेवायला आला नाही. ओव्हरटाइम असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

डिसेंबर लागला होता. एका गुरुवारी दुपारी घरी आले तर आमच्या ड्राइव्हवेमध्ये गौरवची पांढरी यूट, म्हणजे पिकअप गाडी, उभी. इंजिन चालू, काचा वर, एसीत तो एकटा बसलेला. मी काचेवर टकटक केली. त्याने काच खाली घेतली. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“वर चल ना,” मी म्हणाले. “शिफ्ट नाही का आज?”

“सिक घेतलीये. आठवडा झाला. फोन हातात ठेवावा लागतो ना, वहिनी.” तो अगदी सरळ आवाजात बोलत होता, जणू कामाचंच बोलतोय. “मला आता कळलंय काय होतंय ते. भाव पडतो. दादाला तेवढं सांगा, मला टिप पाच मिनिटं आधी पाठव. बाकीच्यांच्या आधी. एवढंच हवंय मला.”

“गौरव, आईचं तिकीट काढलंस का रे?”

त्याने समोरच्या काचेकडे बघितलं. “निघेल ना. यातूनच निघेल.”

डोक्यावर ढग गडगडले. मी जिना चढून वर गेले. आमचं घर इथल्या जुन्या घरांसारखं खांबांवर आहे, चौदा पायऱ्या. निखिलला काय बोलले ते आठवत नाही. तो तसाच अनवाणी खाली धावला. सिमेंट तापलेलं होतं, पण त्याने पाय उचलले नाहीत.

“दादा, एक विचारतो,” गौरव म्हणाला. “एका टिपवर तू स्वतः किती लावतोस?”

“मी लावत नाही.”

“म्हणजे कमी लावतोस?”

“म्हणजे काहीच नाही. सप्टेंबरपासून एकदाही नाही. मला लावू देत नाहीत. आणि देत असते तरी यातल्या निम्म्या मी लावल्या नसत्या.”

यूटच्या इंजिनाचा आवाज तेवढा येत होता. गौरवने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. ज्याच्या मागून तो चालत होता, तो त्या रस्त्यावर नव्हताच. हे त्याला कळताना मी बघितलं. चेहऱ्यावर राग आला नाही. नुसता थकवा आला. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“वहिनींना माहीत होतं?”

“नाही,” निखिल लगेच म्हणाला. “तिला यातलं काही कळत नाही. सगळं माझं आहे.”

मी तिथेच उभी होते. दोन हातांवर. मी गप्प राहिले.

गौरवने मान हलवली, काच वर घेतली आणि गाडी मागे घेतली.

निखिलने त्याच संध्याकाळी चॅनलवर सगळं लिहिलं. मी स्वतः यावर पैसे लावत नाही. टेबलातला भाव तुमच्यातल्या बहुतेकांना मिळत नाही. काही टिपा नुसत्या द्यायच्या म्हणून दिल्या आहेत. या महिन्याची फी परत करतोय. त्या वेळी मात्र इंग्रजी माझं नव्हतं, त्याचंच होतं, दोन-तीन चुका असलेलं. उत्तरं भराभर आली. काहींनी शिव्या दिल्या. एकाने आभार मानले. आणि बाकी सगळ्यांनी, हे मी स्वतः वाचलं, वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं. ठीक आहे मेट, नो वरीज, पण उद्या कोण?

निखिलने चॅनल बंद केलं. जानेवारीत गौरव ॲडलेडला निघून गेला. निखिल त्याला एकदा भेटून आला, काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मार्चमध्ये निखिलला सरकारी खात्यात डेटाची नोकरी लागली. आता तो सकाळी गाडी घेऊन बाहेर पडतो आणि आईला सांगायला माझ्याकडे अगदी साधा शब्द आहे.

मी नंतर खूपदा ते दोन काळ शेजारी ठेवून बघितले. मे ते सप्टेंबर, खिडकीपाशी गप्प बसलेला निखिल, ज्याची मला लाज वाटायची. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, फोन घेऊन फिरणारा निखिल, ज्याच्याबद्दल मी हॉलमध्ये मोठ्याने सांगितलं. पहिला निदान स्वतःच्या चुकीची किंमत स्वतः मोजत होता, असं मी स्वतःला सांगत असे. मग एकदा निखिलच म्हणाला, “तेव्हा जिंकत होतो ते पैसे कुठून येत होते वाटतं तुला? कंपनी घरून आणत नव्हती. कुणीतरी गौरवच होता पलीकडे. फक्त मला त्याचं नाव माहीत नव्हतं.” त्या दिवसापासून तीही सोय संपली. दोन्ही काळ तसेच उरले, शेजारी शेजारी. बिल्ड-अप आला की मी त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालते.

गेल्या रविवारी गौरव आला. आता तो ॲडलेडच्या एका कंपनीत गोदामं सांभाळतो आणि कामासाठी आठवडाभर डार्विनला पाठवलं होतं. निखिलला त्याने आधी फोन केला होता, मला नाही. जरा जाड झालाय, कानशिलाशी एक-दोन पांढरे केस. जेवायला बसल्यावर म्हणाला, “सरकारची एक यादी असते, दादा. त्यात स्वतःच नाव घातलं. आता या देशात कुठलीही कंपनी मला ऑनलाइन खातं उघडू देत नाही.”

“मलाही लावू देत नाहीत,” निखिल म्हणाला.

दोघंही हसले. मला हसू आलं नाही. मी विचारलं, “आई कशा आहेत?”

“बरी आहे. गुडघे गेलेत पण. आता विमानात तेवढे तास बसवणार नाही म्हणते. मी जातो वर्षातून एकदा.” त्याने भात कालवला. “तिला वाटतं, तेव्हा माझं काम गेलं होतं, म्हणून तिचं येणं राहिलं. मी तसंच सांगितलं होतं. दर वेळी फोन करताना ठरवतो, आज सांगायचं. मग ती विचारते जेवलास का, आणि राहून जातं.”

बाहेर ढग चढले होते. लूव्हर्स उघडे होते, तरी आत वारा नव्हता.

“गौरव,” मी म्हणाले, “त्या दिवशी तू विचारलं होतंस, मला माहीत होतं का. मला माहीत होतं. तीन आठवडे आधीपासून. आणि टिपा विकायच्या ही कल्पना माझीच होती.”

निखिलने मान खाली घातली. गौरव जेवायचा थांबला नाही.

“मला कळलं होतं,” तो म्हणाला. “दादा नाही म्हणाला तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.”

“मग बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, बोलाल कधीतरी.”

भात संपला. ताक झालं. मग गौरवचा फोन वाजला. इथे दुपारचा दीड, म्हणजे कराडला सकाळचे साडेनऊ. रविवारचा त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल. पांढरे केस, कपाळावर ठसठशीत कुंकू, मागे भिंतीवर कॅलेंडर. कुठे आहेस, जेवलास का, सगळं विचारून झालं. दादा-वहिनींकडे आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“त्यांच्याकडे दे बघू,” त्या म्हणाल्या. त्याने फोन माझ्यासमोर धरला. “तुम्हीच होय त्या. किती वर्षं बोलायचं होतं. माझ्या लेकराचं काम गेलं तेव्हा तुम्ही त्याला जेवू घातलंत. परक्या मुलखात कोण एवढं करतं? देव तुमचं भलं करो.”

मी फोनच्या वरून गौरवकडे पाहिलं. त्याला हात मागे घेता आला असता. त्याने घेतला नाही. डोळे एकदा मिटून उघडले आणि फोन माझ्या जरा आणखी जवळ आणला.

“काकू,” मी म्हणाले, “गौरवचं काम गेलं नव्हतं.”

“मग?”

मी खुर्ची पुढे ओढली, आणि माझ्यापासून सुरुवात केली.